माहिती हवी, तर एक टक्का सोडा

क्रिप्टो एक्सचेंजांनी ग्राहकांच्या व्यवहारांची माहिती आयकर खात्याला द्यावी की नाही, यावर सध्या चाललेला वाद ऐकताना जीव तुटतो. एक बाजू म्हणते, सरकारने आमच्या खिशात कॅमेरा बसवला. दुसरी म्हणते, ज्याने काही लपवलेले नाही त्याला भीती कसली? पहिल्यांनी माहिती देणे, एक टक्का टीडीएस (विकतानाच कापून ठेवला जाणारा कर) आणि तीस टक्के कर या तीन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या आहेत आणि ते गाठोडेच फेकून द्या म्हणतात. दुसऱ्यांना तेच गाठोडे जसेच्या तसे लोकांच्या डोक्यावर ठेवायचे आहे. गाठ सोडून आत काय आहे ते बघायला कोणीच बसत नाही.

सांगलीत मी वीसेक वर्षे लोकांची रिटर्न भरतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. एक्सचेंजांनी माहिती दिलीच पाहिजे. पगारदाराची, मुदत ठेवीच्या व्याजाची, शेअरच्या विक्रीची माहिती खात्याकडे जाते, तर कॉइनच्या विक्रीची जाऊ नये याला एकही कारण मला सापडलेले नाही. पण ज्या दिवशी ही माहिती नीट मिळू लागेल, त्या दिवशी प्रत्येक विक्रीतून एक टक्का कापून ठेवण्याचा सरकारचा आधार संपतो. कारण तो एक टक्का माहितीसाठीच आहे, असे सरकारनेच सांगितले होते.

आधी कायदा. २०२२ च्या अर्थसंकल्पात आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आला, तोही असा की एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये एक्सचेंज चालवणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले. २०२५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम २८५बीएए घातले आणि क्रिप्टो व्यवहारांचे विवरण देण्याची जबाबदारी सेवा पुरवणाऱ्यांवर टाकली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यातही ते बंधन आहे, आणि यंदाच्या अर्थसंकल्पाने त्याला दंडाची जोड दिली: विवरण दिले नाही तर दिवसाला २०० रुपये, चुकीचे देऊन दुरुस्त केले नाही तर ५०,००० रुपये. हे केवळ आपल्याकडेच होते आहे असे नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२२ मध्ये क्रिप्टो मालमत्तांच्या माहितीची एक चौकट तयार केली. ती लवकर अमलात आणावी असे आवाहन सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या दिल्ली घोषणापत्रातच आहे. युरोपीय संघाचे नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, आणि देशादेशांमधली देवाणघेवाण २०२७ पासून सुरू व्हायची आहे.

आता माहिती का हवी ते. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, व्यवसाय उत्तम चालतो, हिशोब चोख. २०२१ मध्ये घेतलेले कॉइन त्यांनी विकले आणि बोलता बोलता म्हणाले, "हे कशाला दाखवायचं? त्यांना कुठं कळतंय?" हा माणूस चोर नाही. तोच माणूस बँकेचे ८,००० रुपये व्याज न सांगता दाखवतो, कारण ते एआयएसमध्ये, म्हणजे खात्याने तयार केलेल्या वार्षिक माहितीपत्रकात, आधीच छापून आलेले असते. प्रामाणिकपणा हा स्वभावाचा भाग आहेच, पण करांच्या बाबतीत त्याला तिसऱ्या माणसाच्या नोंदीचा टेकू लागतो. ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सिद्ध झाली. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून पंतप्रधान धाकट्या पिटने १७९९ मध्ये आयकर लावला. माणसाने आपले उत्पन्न आपणच सांगायचे होते. एक कोटी पौंड मिळतील ही अपेक्षा होती, हाती सुमारे साठ लाख आले. पुढे १८०३ मध्ये त्याच्यानंतरचा पंतप्रधान ॲडिंग्टन याने रचना बदलली. भाडे, व्याज, पगार जो देतो त्यानेच कर कापून भरायचा. दर दहा टक्क्यांवरून पाचवर आणला, तरी वसुली जवळपास पूर्वीइतकीच राहिली. निम्म्या दरात तेवढाच पैसा! एवढ्या काळात इंग्रज माणूस बदलला नव्हता, हिशोब कोण सांगतो ते बदलले होते.

क्रिप्टोच्या बाबतीत याच धड्याची उजळणी अमेरिकेत झाली. तिथल्या कर खात्याने न्यायालयात सांगितले की २०१३, २०१४ आणि २०१५ या प्रत्येक वर्षी सगळ्या देशात मिळून केवळ ८०० ते ९०० करदात्यांनी बिटकॉइनचा नफा-तोटा विहित फॉर्मवर दाखवला होता. त्या काळात एकट्या कॉइनबेस या अमेरिकी एक्सचेंजचे ग्राहक लाखोंच्या घरात होते. अखेर २०१७ मध्ये न्यायालयाने वर्षाला २०,००० डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या खात्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. १४ हजारांच्या आसपास खाती त्यात येत होती. लाखो ग्राहक आणि आठशे-नऊशे रिटर्न, या दोन आकड्यांच्या मधल्या दरीचे स्पष्टीकरण लोकांना फॉर्म कळत नव्हता एवढ्यावर होत नाही.

आपल्याकडचे आकडेही बोलके आहेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ या वर्षात क्रिप्टोवरचा एक टक्का टीडीएस ३६२.७० कोटी रुपये जमा झाला. म्हणजे किमान ३६,००० कोटींची विक्री झाली. त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये लोकांनी नफ्यावर भरलेला कर ४३७.४३ कोटी. तीस टक्क्यांनी मागे मोजले तर दाखवलेला नफा साडेचौदाशे कोटींच्या आसपास येतो, विक्रीच्या चार टक्के. यावरून लोकांनी नफा लपवला असे थेट म्हणता येणार नाही. तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवणारे ट्रेडर यात पुष्कळ आहेत आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे, ते पुढे सांगणारच आहे. पण खात्याने हातातली माहिती रिटर्नशी ताडून पाहिली तेव्हा ४४,०५७ जण असे सापडले की ज्यांनी व्यवहार केले, पण रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या रकान्यात ते दाखवले नाहीत. त्यांना आधी ईमेल गेले. छापा नाही, पोलीस नाही, नुसता ईमेल. माहितीचे बळ ते हेच, आणि सरकारी कारवाईचा याहून सौम्य प्रकार मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक आकडा मुद्दाम देतो. २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांत देशभरात सुमारे १,०९६ कोटींचा हा टीडीएस जमा झाला, त्यातले साठ टक्के महाराष्ट्राच्या खात्यावर आहेत. कापणाऱ्या कंपन्यांचे पत्ते कुठे आहेत यावरही हा वाटा अवलंबून असणार, तेव्हा निम्म्याहून जास्त गुंतवणूकदार इथलेच, असा अर्थ त्यातून काढू नये. पण हा प्रश्न बंगळुरूच्या चार कंपन्यांचा आहे असे समजून आपण बाजूला बसू शकत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आणि कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असलेली पोरे मोबाइलवर हे व्यवहार करतात, मी त्यांची रिटर्न भरतो.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यांचा सर्वात जड मुद्दा माहितीच्या सुरक्षिततेचा आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्यांना मी पुण्याची आठवण करून देतो. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या फसवणुकीचे गुन्हे तिथे २०१८ मध्ये दाखल झाले. तांत्रिक मदतीला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ घेतले. चार वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली: तपासात हाती आलेले बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याचा आरोप. ज्यांना वॉलेटच्या किल्ल्या दाखवल्या त्यांच्यावरच संशय आला, तर सामान्य माणसाने भरवसा कुणावर ठेवायचा? मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केले की परदेशातल्या काही ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती बाहेर काढली गेली. बँक लुटायला तिजोरी फोडावी लागते. क्रिप्टोवाल्याला लुटायला त्याचे नाव, पत्ता आणि शिल्लक एवढे कळले तरी पुरते. नव्या आयकर कायद्यात झडतीच्या वेळी ईमेल, समाजमाध्यमांची खाती, ऑनलाइन गुंतवणुकीची खाती उघडून बघण्याचा अधिकार अधिकाऱ्याला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट सरकारने स्वतःसाठी मोकळी ठेवली आहे. ही भीती वेडगळ नाही.

तरीही तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही, कारण माहिती गोळा होण्याचा टप्पा केव्हाच मागे पडला. पॅन, आधार, सेल्फी, बँक खाते हे सगळे एक्सचेंजने खाते उघडतानाच घेतले आहे. लाच देऊन ती जी माहिती बाहेर काढली गेली ती कुठल्या कर खात्याची नव्हती, कंपनीचीच होती. मग प्रश्न उरतो तो एवढाच की तिथून कर खात्याकडे नेमके काय आणि किती जावे. इथे ती आंतरराष्ट्रीय चौकट नीट वाचली तर बरेच गैरसमज फिटतात. तिच्यात प्रत्येक व्यवहाराची ओळ मागितलेली नाही. वर्षभरात अमुक कॉइनची एकूण खरेदी इतकी, विक्री इतकी, एका कॉइनच्या बदल्यात दुसरे घेतले ते इतके, आणि स्वतःच्या खासगी वॉलेटकडे पाठवले ते एकूण इतके, अशी बेरीज मागितली आहे. वॉलेटचे पत्ते कळवण्याचा पहिल्या मसुद्यातला विचार हरकतींनंतर सोडून देण्यात आला. ही बेरीज आणि आपल्या घरात नोकरीवाल्याला मिळणारा फॉर्म १६ यांत जातीचा फरक नाही. तेव्हा खासगीपणाची ज्यांना खरी चाड आहे त्यांनी 'माहिती देणारच नाही' म्हणत बसण्यापेक्षा आपल्याकडचे विवरणही बेरजेपुरतेच राहावे, वॉलेटचे पत्ते त्यात येऊ नयेत, कुठल्या अधिकाऱ्याने कुणाची माहिती कधी उघडली याची नोंद राहावी आणि ती करदात्याला बघता यावी, यासाठी भांडायला हवे. पहिली लढाई हरलेली आहे. दुसरी अजून लढता येते, आणि ती लढणारे फार थोडे दिसतात.

दुसरा मुद्दा माझ्या मते याहूनही टोकदार आहे. सरकार कर घेते, माहिती घेते, दंड ठरवते. पण गुंतवणूकदाराचे पैसे बुडाले तर त्याच्यामागे उभे कोण आहे? बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्याची मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. त्याला सहा वर्षे झाली, तरी या बाजाराला सेबीसारखा नियामक नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर सायबर हल्ला होऊन २३ कोटी डॉलरच्या आसपासचे कॉइन चोरीला गेले. भारतीय ग्राहकांच्या पैशांचे काय करायचे हे सिंगापूरच्या न्यायालयातल्या प्रक्रियेतून ठरले, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. शेअर दलाल बुडाला तर निदान गुंतवणूकदार संरक्षण निधीचे दार ठोठावता येते. इथे कुठले दार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त एवढेच म्हणतो की त्याचे उत्तर माहिती न देण्यात नाही. आपल्याच बाजाराचा इतिहास पाहा. १९९२ चा रोखे घोटाळा झाला तेव्हा कोणाचे शेअर कोणाच्या नावावर आहेत हे कागदांच्या गठ्ठ्यांतून शोधावे लागत होते. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, डीमॅट आले, २००७ मध्ये शेअरच्या व्यवहारांना पॅन सक्तीचा झाला. लहान गुंतवणूकदाराला आज जे संरक्षण आहे ते या नोंदींच्या पायावर उभे आहे. आणि पॅन सक्तीचा झाला म्हणून शेअरबाजार देश सोडून पळाला का? उलट वाढला.

तिसरा आक्षेप पटकन सांगून पुढे जातो. ज्याला लपवायचेच आहे तो एक्सचेंजवर येणारच नाही, स्वतःच्या वॉलेटमधून परस्पर व्यवहार करील, मग सापडणार कोण, तर सरळमार्गी. यात तथ्य आहे. मालक नसलेल्या मंचांनाही दलाल मानून माहिती मागायचा नियम अमेरिकेने केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो संसदेनेच रद्द केला. पण रुपयाला या जगात शिरताना आणि बाहेर पडताना कुठल्या तरी दारातून जावेच लागते. कॉइनवर घराचा हप्ता भरता येत नाही, मुलाची फी भरता येत नाही. दारावर नोंद असली की बहुतेकांपुरते काम होते. उरलेल्यांसाठी तपास यंत्रणा आहेतच.

ही दारे देशातच राहावीत, लोकांनी मागच्या खिडकीतून उड्या मारू नयेत, हीच तर इच्छा असायला हवी. आणि नेमके इथे एक टक्क्याचे दुखणे सुरू होते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये सत्तावीस वर्षांचा एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. कारखान्यात सुपरवायझर, दीड लाख रुपये घालून रात्री जेवण झाल्यावर ट्रेडिंग करायचा. एक्सचेंजवरून उतरवलेली एक्सेल शीट त्याने माझ्यासमोर उघडली: चौदाशे ओळी. दीड लाखच, पण फिरत फिरत वर्षाची एकूण विक्री ४२ लाख झाली होती. टीडीएस कापला गेला ४२,०००. काही कॉइनमध्ये त्याला ९६,००० चा फायदा झाला, काहींमध्ये १,१४,००० चा तोटा. म्हणजे हातात वर्षअखेर १८,००० ची खोट. पण तोटा वजा होत नाही, म्हणून ९६,००० वर तीस टक्के आणि त्यावर उपकर मिळून कर झाला २९,९५२. म्हणजे खोट खाऊन वर तीस हजार कर, आणि कापलेल्यातले बारा हजार परत मिळण्याची वाट बघायची. मी ते आकडे कागदावर मांडून दाखवले. मुलगा गप्प होता. वडील मात्र न राहवून म्हणाले, "साहेब, पोरानं चोरी केलीय का?"

त्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते कायद्याचे होते, आणि देतानाच मला ते अपुरे वाटले. तोट्याचा प्रश्न वेगळा आहे, तो कराच्या दराशी आणि रचनेशी निगडित आहे. जुगाराची सवय लागू नये म्हणून सरकारने तसे ठरवले असेल, तर त्यावर स्वतंत्र वाद घालता येईल. पण दीड लाखाच्या भांडवलातले ४२,००० कापून ठेवण्याला काय म्हणायचे? कोणी ॲडिंग्टनचे नाव घेऊन मला विचारेल, उगमातच कापण्याची महती तुम्हीच गायली ना? गायली. पण ॲडिंग्टनने कापले ते उत्पन्नातून. भाडे हे उत्पन्न, व्याज हे उत्पन्न, पगार हे उत्पन्न. विक्रीची रक्कम हे उत्पन्न नव्हे. भाजीवाल्याच्या दिवसभराच्या गल्ल्यातून एक टक्का काढून घ्या आणि त्याने तीच पेटी दिवसात दहा वेळा फिरवली असेल तर दहा वेळा काढून घ्या, म्हणजे उलाढालीवर कापणे काय चीज आहे ते कळेल.

हा एक टक्का लावला कशासाठी? १ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात अर्थमंत्र्यांनी कारण स्वच्छ सांगितले होते: व्यवहारांचा तपशील टिपता यावा म्हणून. महसुलासाठी नाही, शिक्षा म्हणूनही नाही. तेव्हा दुसरे साधन नव्हते, म्हणून हे हत्यार उचलले असे म्हणता येईल. आता दुसरे साधन आले आहे आणि ते जास्त चांगले आहे. टीडीएसच्या विवरणात विक्री दिसते. खासगी वॉलेटकडे काय गेले ते दिसत नाही, परदेशी मंचावर काय चालले आहे ते तर नाहीच. नव्या विवरणात पहिले दिसेल, आणि देशांची देवाणघेवाण सुरू झाली की दुसरेही दिसेल. मग जुने हत्यार खाली का ठेवत नाही?

आपल्याच देशात असे एकदा झालेले आहे, आणि या वादात त्याची आठवण कोणी काढत नाही याचे मला फार आश्चर्य वाटते. २००५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी बँकेतून मोठी रोकड काढण्यावर ०.१ टक्का कर लावला. ओरड पुष्कळ झाली. उद्देश महसूल नाही, रोखीचा माग काढणे हा आहे, असे तेव्हाही सांगण्यात आले. बँकांकडून मिळणारी वार्षिक माहिती आणि इतर साधने रुळल्यावर, २००८ च्या अर्थसंकल्पात त्यांनीच सभागृहात सांगितले की ही माहिती आता दुसऱ्या मार्गांनी मिळते आहे, आणि १ एप्रिल २००९ पासून तो कर उठवला. शब्द दिला, काम झाले, कर गेला. तो दर ०.१ टक्का होता आणि लोकांना तेवढाही जड वाटत होता. क्रिप्टोवरचा त्याच्या दहापट आहे. याही वर्षीच्या अर्थसंकल्पात तो जसाच्या तसा राहिला. भर पडली ती माहिती न देणाऱ्याच्या दंडाची.

सरकारच्या बाजूने एक प्रामाणिक उत्तर देता येते. रिझर्व्ह बँकेला हा सगळा प्रकार देशाच्या पैशाच्या व्यवस्थेला धोक्याचा वाटतो. लोकांनी यात पडू नये, आणि पडले तर वारंवार खरेदी-विक्री करू नये, म्हणून टीडीएस असू द्या. हे म्हणणे मी गंभीरपणे घेतो, कारण या नादात घर गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. पण परावृत्त करायला लावलेले अडथळे माणसाला कुठे नेतात? १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले, चौदा कॅरटवर दागिने बांधून टाकले. हेतू चांगला होता, परकीय चलन वाचवायचे होते. भारतीय बाईच्या गळ्यातले सोने कमी झाले नाही. ते चोरट्या मार्गाने यायला लागले, मुंबईच्या गोदीत आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरायला लागले. कारागीर देशोधडीला लागले आणि तस्कर मोठे झाले. सुवर्णनियंत्रण अखेर १९९० मध्ये रद्द करावे लागले. क्रिप्टोला तर होडीही लागत नाही. दिल्लीच्या एस्या सेंटर या धोरण अभ्यास संस्थेने काढलेल्या अंदाजानुसार फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२२ या काळात ३.८ अब्ज डॉलरची उलाढाल भारतीय एक्सचेंजांवरून परदेशी मंचांवर गेली. आकड्यावर वाद घाला, पण दिशा मी माझ्या टेबलावर पाहिली आहे. केवायसी त्या आधीही होते, तेव्हा लोक गेले नाहीत. रक्कम कापली जाऊ लागली तेव्हा गेले.

परदेशी मंचांनाही नोंदीत आणता येते, हे सरकारने दाखवून दिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्सचेंजांना नोटिसा काढल्या, त्यांची संकेतस्थळे बंद करण्याची मागणी केली. बायनान्सने नोंदणी केली आणि जून २०२४ मध्ये तिला १८.८२ कोटींचा दंडही झाला. पण मोठ्या कंपनीला दारावर आणता येते, टेलिग्रामवरच्या अनोळखी विक्रेत्याला नाही. एक टक्का वाचवायला निघालेला पोरगा शेवटी त्या विक्रेत्यापाशी पोचतो.

म्हणून टीडीएसचा दर ०.०१ टक्क्यावर आणावा. पॅनशी जोडलेली साखळी त्यातही तुटत नाही, भांडवलही अडकत नाही. विवरण आले की खात्याने आणखी एक काळजी घ्यावी. एक्सचेंज विक्री किती ते सांगेल, पण कॉइन दुसरीकडून आणून विकले असेल तर खरेदी कितीला झाली हे त्याला माहीत नसते. नुसती विक्री एआयएसमध्ये उमटली आणि खरेदी शून्य धरून संगणकाने नोटीस काढली, तर चौदाशे ओळींचे उत्तर देत बसायचे कोणी? तेव्हा खरेदीची किंमत जिथे माहीत आहे तिथे ती विवरणात यावी, आणि नोटीस निघण्याआधी करदात्याला आकडा दुरुस्त करायला पुरेसा अवधी मिळावा.

तो मुलगा या वर्षी पुन्हा आला, एकटाच. एक्सचेंजवरचे खाते त्याने सोडून दिले होते. ओळखीच्या एका ग्रुपवर समोरासमोर टेथर (डॉलरशी बांधलेले कॉइन) विकायचा, पैसे यूपीआयवर यायचे, कापणारे मध्ये कोणी नव्हते. एका खरेदीदाराने पाठवलेले ३८,००० रुपये कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचे पत्र बँकेत आले आणि ज्या खात्यावर त्याचा पगार येतो त्यावर लियन लागला, म्हणजे रक्कम अडवली गेली. खरेदीदाराचे खरे नाव त्याला माहीत नव्हते. त्याच्याकडे मोबाइलमधले सात स्क्रीनशॉट होते, ते त्याने प्रिंट काढून पारदर्शक फाइलमध्ये लावून आणले होते. "सर, हे रिटर्नमध्ये दाखवायचं का?" त्याने विचारले. दाखवायचे, असे मी म्हणालो, आणि आम्ही पहिल्या स्क्रीनशॉटपासून तारखा लिहायला बसलो.